8 महिन्यांच्या बाळासोबत क्रूझवर जाताना स्कूबा डायव्हिंग जमवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरहून सिंगापूर, तिथून पेनांग-फुकेतची चार रात्रींची क्रूझ. सोबत 8 महिन्यांचं बाळ आणि बाळाची आजी. बाळ अजून अंगावर पितं, सिझेरियन झालेलं आहे. तुम्हा नवरा-बायकोकडे ओपन वॉटरचं (स्कूबाचा पहिला कोर्स केल्याचं) कार्ड आहे, पण शेवटची डाइव्ह दोन वर्षांपूर्वीची. दोघांनाही एकदा तरी पाण्याखाली जायचंय.

जमतं. फक्त तुम्ही जहाज आधी निवडलंय आणि आता डाइव्ह त्यात बसवायला बघताय. ते उलट करा. आधी बंदर बघा, मग जहाज.

पेनांगच्या आजूबाजूचं पाणी गढूळ असतं, डायव्हिंगसाठी तिथे कुणी जात नाही. फुकेतला डाइव्ह उत्तम आहेत, पण बोटी सुटतात चालोंगच्या धक्क्यावरून, सकाळी, आणि राचा याई बेटाला जाऊन परत यायला अख्खा दिवस जातो. अनेक मोठी जहाजं मात्र पातोंगच्या खाडीत नांगर टाकतात. म्हणजे आधी किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या टेंडर बोटीची रांग, मग किनारा, मग गाडीने डोंगर ओलांडून चालोंग. जहाज सकाळी 8 ला लागून संध्याकाळी 5 ला निघणार असेल तर हे गणित बसत नाही. फुकेतला रात्रभर थांबणारं वेळापत्रक मिळालं तरच ही क्रूझ घ्या.

नाहीतर मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाचा विचार करा. डाइव्हच्या जागा तिथे बेटाच्या अगदी जवळ आहेत आणि पाणी स्वच्छ आहे. तिथल्या अगत्ती बेटापासून मुंबई समुद्रमार्गे साधारण 900 किलोमीटर. तुमचं जहाज तिथून थेट मुंबईला परतणार असेल, तर विमानाआधी जेवढं थांबावं लागतं ते जहाजावरच भरून निघतं. अडचण एकच: जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं लहान बोटीत उतरवतात. लाटा असतील तर दोन्ही बोटी वर-खाली होत असतात, आणि बाळ कडेवर घेऊन तो पाय टाकणं मला अजिबात पटत नाही. बाळ जहाजावरच राहू द्या. लक्षद्वीपला प्रवेश परवाना लागतो आणि पावसाळ्याचे महिने बाद धरा.

आता विमानाचं गणित, कारण नागपूरकरांची चूक इथेच होते. डाइव्हमध्ये शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब 1800 ते 2400 मीटर उंचीवर असतो तेवढाच असतो. लवकर चढलात तर त्याच नायट्रोजनचे बुडबुडे सांध्यांत, नसांत अडकतात. एकच साधी डाइव्ह असेल तर किमान 12 तास, एकापेक्षा जास्त असतील तर किमान 18 तास थांबायचं. तुम्ही 24 धरा. समजा शेवटच्या बंदरात दुपारी 12:30 ला पाण्यातून बाहेर आलात, तर दुसऱ्या दिवशी सकाळी 6:30 ला किमान 18 तास होतात. तेच संध्याकाळी 4 ला बाहेर आलात तर सकाळी 10 पर्यंत विमान नाही. क्रूझवाले मात्र उतरताच सकाळचं विमान सुचवतात. म्हणून डाइव्ह सकाळची घ्या आणि परतीचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं. मुंबईहून रेल्वेने किंवा समृद्धीने येणार असाल तरी कसारा चढून इगतपुरीला आपण 600 मीटरच्या आसपास पोचतो, तेव्हा तिथेही हाच नियम पाळा.

दोघांनी एकाच वेळी पाण्यात उतरू नये, आजी सोबत असली तरीही. दोन बंदरं असतील तर एक आईचं, एक बाबांचं. एकच असेल तर सकाळची डाइव्ह एकाची, दुसरा बाळाजवळ. बाळाला डाइव्हच्या बोटीवर नेऊन आळीपाळीने उतरायची कल्पना सोडून द्या: ऊन, डिझेलचा वास, हलणारी शिडी, रिकामे-भरलेले टँक, आणि एवढ्या लहान बाळाला नीट बसेल असं लाइफ जॅकेट बहुतेक बोटींवर नसतंच. जहाजावर बाळांचं पाळणाघर असेल तर त्याची वेळ बुकिंगबरोबरच ठरवा. आई-बाबा दोघंही किनाऱ्यावर असताना बाळ ठेवून घेतात का, हे लेखी विचारा.

डाइव्ह जहाजामार्फत घेतली तर महाग पडते, पण ती सहल उशिरा परतली तर जहाज थांबतं. बाहेरच्या डाइव्ह शॉपकडून घेतली तर थांबत नाही. बाळ जहाजावर आणि तुम्ही धक्क्यावर, अशी वेळ येऊ नये म्हणून इथे पैसे वाचवू नका. दोन टँकच्या (म्हणजे लागोपाठ दोन) डाइव्हला जवळच्या जागीही धक्का ते धक्का चार-पाच तास लागतात, आणि जहाजावर परतायची वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते. घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा, मोबाइल किनाऱ्यावरची वेळ दाखवत असतो.

सगळ्यात जास्त डाइव्ह कशामुळे रद्द होतात? बाळाच्या सर्दीमुळे. बाळाला विमानात सर्दी होते, दोन दिवसांत ती आई-बाबांना. नाक चोंदलं की घशापासून मधल्या कानाकडे जाणारी नळी सुजते आणि कान मोकळे होत नाहीत. पृष्ठभागापासून 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, म्हणजे सर्वांत मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच असतो. कान दुखायला लागेपर्यंत थांबायचं नाही. डोकं पाण्याखाली गेलं की लगेच नाक दाबून हलकेच फुंका, आणि मग दर अर्ध्या-एक मीटरला. नाही मोकळा झाला तर मीटरभर वर या, पुन्हा बघा. तरीही नाही, तर डाइव्ह तिथेच संपली. जोर लावून फुंकल्याने पडदा फाटतो. सर्दीची गोळी घेऊन उतरणं त्याहून वाईट. गोळीचा असर खालीच उतरला तर वर येताना हवा अडकते, आणि वर तर यावंच लागतं. बोट लागू नये म्हणून आपल्याकडे घेतात त्या अ‍ॅव्होमिनने झोप येते. ती घेऊन डाइव्ह करू नका, आणि दूध पाजताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

अंगावर पाजणाऱ्या आईने डाइव्ह केली तर दुधाला काही होत नाही. त्रास होतो तो घट्ट वेटसूटचा. भरलेल्या छातीवर तो दाबला की दूध साखळतं, गाठ होते. उतरण्याआधी शक्य तितक्या उशिरा पाजा किंवा पंपाने दूध काढा, सूट एक माप मोठा मागा, आणि पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या. परत आल्यावर सनस्क्रीन आणि मीठ धुऊन मगच बाळाला घ्या. आणखी एक गोष्ट: पाजताना पाळी आलेली नसली तरी दिवस राहू शकतात, आणि गरोदरपणात डाइव्ह करत नाहीत. निघण्याआधी घरी टेस्ट करा.

डाइव्हच्या वैद्यकीय फॉर्मवर एक प्रश्न असतो: गेल्या 12 महिन्यांत शस्त्रक्रिया झाली आहे का? सिझेरियन ही शस्त्रक्रियाच, म्हणून आईचं उत्तर 'हो'. मग डॉक्टरांची सही लागते, ती नसली तर बंदरावरून परत पाठवतात. हा फॉर्म आताच नागपुरात भरून, सही घेऊन ठेवा.

दोन वर्षांच्या खंडानंतर रिफ्रेशर (उजळणीचं सत्र) लागतोच. जवळच्या स्विमिंग टँकवर स्वतःचा मास्क घेऊन जा. मास्कमध्ये पाणी भरा, वरची कड कपाळाला दाबा, नाकातून श्वास सोडा. दहा वेळा. श्वास धरायची सवय मात्र इथेच मोडा. हवेच्या टँकसह रिफ्रेशर तारकर्लीला एमटीडीसीच्या केंद्रात किंवा गोव्यात विचारा, क्रूझच्या महिनाभर आधी.

बाळाचं बाकी सोपं आहे. बहुतेक क्रूझ 6 महिन्यांच्या बाळाला घेतात. सलग तीन दिवस समुद्रात असणाऱ्या मार्गांवर अनेकदा 12 महिने लागतात. केबिनमध्ये किटली चालत नाही, म्हणून नाचणी सत्त्व शिजवायचा बेत नको. सीलबंद पाकिटं न्या, गरम पाणी केबिन अटेंडंटकडे मागा, बाटल्यांसाठी थंड पाण्यात विरघळणाऱ्या निर्जंतुकीकरणाच्या गोळ्या ठेवा. पाळणा बुकिंग करतानाच सांगा. डायपरवाल्या बाळाला जहाजाच्या पूलमध्ये बहुतेक ठिकाणी नेता येत नाही. सिंगापूरला जाणारच असाल तर बाळाचाही पासपोर्ट आणि व्हिसा लागेल. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्मदाखलाच लागतो, तेव्हा महापालिकेचा दाखला हातात असू द्या.

डाइव्हनंतर त्या दिवशी गरम पाण्याचा जकुझी, दारू, आणि बाळासह बॅगा घेऊन जिने चढणं टाळा. यापुढचं नीट वाचा. खांदा किंवा कोपर दुखणं, मुंग्या येणं, विचित्र थकवा ही बुडबुड्यांची लक्षणं आहेत, आणि लहान बाळाच्या आई-बाबांना खांदेदुखी आणि थकवा रोजचाच असतो. 'बाळाला उचलून दुखत असेल' म्हणून रात्र काढू नका. जहाजाच्या दवाखान्यात जा, डाइव्ह किती खोल आणि किती वेळ केली ते सांगा, ऑक्सिजन मागा. रिकम्प्रेशन चेंबर (या बुडबुड्यांवर उपचार करायची दाबाची खोली) जहाजावर नसतं (मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनीत आहे), म्हणजे किनाऱ्यावर हलवावं लागेल. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुधा वगळलेलं असतं, पॉलिसीतलं ते कलम वाचूनच पैसे भरा. डाइव्हला जाणाऱ्याने पासपोर्टची प्रत आणि जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला बंदर एजंटचा (जहाजाच्या बंदरावरच्या प्रतिनिधीचा) नंबर कोरड्या पिशवीत ठेवावा. तोच नंबर आजीच्या मोबाइलमध्येही सेव्ह करून द्या.