वाचकांचे प्रश्न : घडी घालून ठेवायचा ट्रेडमिल

प्रश्न : घर जुनं आहे. वर लाकडी माडी, त्यावर कौलं. माझं वजन ९२ किलो, मला हळू धावायचंय. आईला (वय ६४) नुसतं चालायचंय. दुकानदार '४ एचपी'चा फोल्डिंग ट्रेडमिल दाखवतोय. घेऊ का?
– एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : त्या '४ एचपी'च्या शेजारी बारीक अक्षरात 'पीक' लिहिलंय का बघा. हा आकडा मोटर क्षणभर किती जोर काढते त्याचा. तुम्हाला हवा तो 'कंटिन्युअस', म्हणजे सतत चालताना टिकणारा. चालण्यापुरता १.५ ते २ पुरे. ९२ किलोनं धावायचं तर २.५ च्या खाली उतरू नका. यंत्राची वजनमर्यादा ११५-१२० किलो तरी असावी. मर्यादेच्या काठावर चालवलं की पट्टा घासतो, मोटर तापते आणि कंट्रोलर (मोटरचा वेग सांभाळणारी विजेची पाटी) जळतो. पट्टा तुमच्यासाठी १२५ सेंटिमीटर लांब आणि ४२ तरी रुंद हवा. आईंना ११० चालला असता, पण माप नेहमी धावणाऱ्याचं घ्यायचं.

माडीवर मात्र नको. धावताना पाऊल शरीराच्या वजनाच्या दोन-अडीच पट जोरानं आदळतं, आणि यंत्राचे ५०-६० किलो वेगळेच. शिवाय उंचीचा हिशेब घाला : माणूस ५ फूट ८ इंच, डेक (पट्ट्याखालची फळी) ८ इंच, चढ दिल्यावर आणखी ५, पावलाची उसळी ५. झाले ७ फूट २ इंच! कौलांच्या उतारात डोकं वाशाला लागणार. खालच्या सोप्यात ठेवा, पंख्याच्या बरोबर खाली नको.

घडीनं जागा वाचते ती यंत्र बंद असताना. चालू असताना मागे दोन मीटर मोकळे लागतातच. भिंतीला पाठ लावून ठेवलं आणि तोल गेला, तर माणूस पट्टा आणि भिंतीच्या मध्ये अडकतो. आणि दुकानातच घडी दोनदा घालून बघा. उचलताना खटका 'कट्' वाजून बसला पाहिजे. खाली आणताना पायानं खटका सोडा, डेक गुडघ्याच्या उंचीवर आल्यावर हात काढा : हायड्रॉलिक दांडा नीट असेल तर तो सावकाश उतरतो, धपकन पडत नाही. हे आईंना एकटीला जमलं नाही, तर आठवड्याभरात घडी घालणं बंद होतं आणि जास्तीचे पैसे वाया.

प्लग १६ अँपिअरचा, अर्थिंगसह, थेट भिंतीतला. एक्स्टेंशन बोर्ड नको, घरचा इन्व्हर्टर तर नकोच. वीज गेली की पट्टा थांबतो, तेव्हा हात दांडीजवळ असू दे. सेफ्टी कीची (ओढली गेली की यंत्र बंद करणाऱ्या किल्लीची) दोरीही कपड्याला अडकवलेली असू दे.

प्रश्न : तीन महिन्यांतच पट्टा डावीकडे सरकतोय, जळका वास येतो. शिवणयंत्राचं तेल घातलं तर?
– एक वाचिका, वडगाव

उत्तर : ते तेल घालू नका, खोबरेलही नाही. पट्टा खराब होतो, धूळ चिकटते. यंत्र बंद करून प्लग काढा आणि पट्ट्याखाली बोटं घाला. कोरडी निघाली तर शुद्ध सिलिकॉन तेल हवं : पट्टा कडेनं उचलून दोन्ही बाजूंना मधल्या भागात १०-१५ मिलिलिटर, मग पाच मिनिटं हळू चालवायचं. काही पट्ट्यांना मेण लावलेलं असतं, त्यांना तेल चालत नाही. पुस्तिका आधी वाचा.

सरकण्याचा इलाज अ‍ॅलन कीचा, म्हणजे षटकोनी चावीचा. मागे दोन बोल्ट असतात. पट्टा रिकामा, अगदी हळू चालू ठेवा. डावीकडे गेलाय तर डावा बोल्ट घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, आणि मिनिटभर थांबा. जे यंत्रमागावर हात फिरवतात त्यांना ही घाई न करण्याची सवय असतेच. इतरजण एकदम पूर्ण फेरा देतात आणि पट्टा दुसऱ्या कडेला जाऊन फाटतो. मधोमध पट्टा ५-७ सेंटिमीटर उचलला जावा. त्याहून घट्ट केलात तर मोटर तापते, तोच जळका वास.

प्रश्न : पावसाळ्यात पडवीत ठेवला तर चालेल?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : तुमच्याकडच्या पावसात नाही. झडीनं बोल्ट गंजतात, कंट्रोलरच्या पाटीवर ओल बसते. आत, घडी घालून, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवा. वापर नसला तरी आठवड्यातून एकदा दहा मिनिटं चालवा आणि वीज कडकडू लागली की प्लग काढा. उन्हाळ्यात लाल माती मोटरच्या झाकणाखाली साचते. प्लग काढून, झाकणाचे स्क्रू खोलून मऊ ब्रशनं झाडा, ओलं फडकं तिथं नको.