भिंतीवरच्या शेवाळापासून सुरुवात कर

प्रिय मुली,

रविवारी मुंबईतल्या आरेच्या जंगलात काढलेले अळंबीच्या छत्रीचे पाच फोटो मिळाले. पाचही वरून काढलेले, पाचही देखणे, आणि खाली एकच ओळ : ‘काका, हिचं नाव काय?’ दोन दिवस मी ते फोटो पुन्हापुन्हा उघडून बघतो आहे. नाव सांगता येत नाही. पांढरी टोपी आणि वर तपकिरी खवले, एवढ्या वर्णनात कितीतरी जाती बसतात. टोपीची खालची बाजू एकाही फोटोत नाही, आणि अळंबीची ओळख बरीचशी तिथेच असते. खाली पट्ट्या आहेत की बारीक छिद्रं, पट्ट्या देठाला चिकटल्यात की सुट्या आहेत, देठावर कडं आहे का, बुडाशी गाठ आहे का. ती मातीतून आली, वारुळातून की कुजक्या ओंडक्यातून? जवळ कोणतं झाड होतं? वास कसा होता?

सोसायटीच्या हिरवळीवर अशी एखादी उगवली की एक प्रयोग कर. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद घे. टोपी देठापासून कापून पट्ट्या खाली येतील अशी दोन्ही रंगांवर ठेव आणि वर वाटी उपडी घाल. सकाळी वाटी उचललीस की कागदावर बीजाणूंची, म्हणजे जिच्यापासून नवी अळंबी रुजते त्या बारीक भुकटीची, रांगोळी दिसेल. फिकट बीजाणू काळ्या भागावर उठून दिसतात, गडद बीजाणू पांढऱ्यावर. रांगोळी हिरवट उमटली तर तुझ्यासमोर बहुधा क्लोरोफायलम मोलिब्डायटिस आहे. पोसलेली, पांढरीशुभ्र, खावीशी वाटणारी आणि विषारी. ती खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. कोवळेपणी तिच्या पट्ट्याही पांढऱ्याच असतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना चकवते. फोटो बघून, ॲप बघून किंवा माझ्या शब्दावर विसंबून कुठलीही अळंबी तोंडात घालू नकोस. याबाबतीत मी अजिबात ऐकून घेणार नाही.

आता मूळ मुद्दा. तू नावापासून सुरुवात करतेस, आणि नाव मिळालं की तुझं बघणं थांबतं. नाव मागून मिळालं तरी चालतं, दहा वर्षांनी मिळालं तरी चालतं. पण त्या दिवशी, त्या जागी काय दिसलं हे त्या दिवशी लिहिलं नाहीस तर ते कायमचं गेलं. पंचविशीत मी दोन पावसाळे झपाटल्यासारख्या वनस्पती जमवल्या. वर्तमानपत्रांत दाबून, वर पाट आणि विटा ठेवून. जुलैच्या मुंबईत कागद रोज बदलावे लागतात, ते मी केलं नाही, आणि अर्ध्याअधिक नमुन्यांना बुरशी लागली. त्याहून वाईट म्हणजे जे वाचले त्यांच्यावर मी फक्त नावं लिहिली होती. गाव नाही, तारीख नाही, फुलाचा रंग नाही. वाळल्यावर रंग उडाला, काही नावं चुकीची निघाली, आणि हातात नुसता पाचोळा उरला. ती हळहळ अजून गेलेली नाही. झेवियर्स कॉलेजात 1906 साली सुरू झालेलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. तिथला एखादा जुना कागद बघायला मिळाला तर आधी कोपऱ्यातली चिठ्ठी वाच. नाव चुकलं असेल तर पुढचा अभ्यासक ते सुधारू शकतो. जागा आणि तारीख नसेल तर त्याला काहीच करता येत नाही.

म्हणून वही कर. फोनमध्ये फोटो असतातच, तरी वही हवी, कारण लिहिताना हात थांबतो आणि डोळा परत वळतो. तारीख, वेळ, नेमकी जागा (‘आरे’ एवढ्यानं भागत नाही, कुठल्या पाड्याजवळ, ओढ्याच्या कुठल्या काठाला), ऊन की सावली, कशावर उगवलंय, शेजारी काय आहे. फोटोत मापाला एक रुपयाचं नाणं ठेव. वनस्पती असेल तर अख्खं झुडूप, पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, पानाची मागची बाजू, फूल समोरून आणि बाजूनं, फळ असेल तर फळ. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर जरूर टाक, तिथे जाणकार भेटतात. पण ॲपनं सुचवलेलं नाव वहीत प्रश्नचिन्हासकट लिही. कुळापाशी थांबलीस तरी ती नोंद पक्कीच असते.

स्थानिक नाव आवर्जून विचार. पावसाच्या तोंडाशी दादर-बोरिवलीच्या बाजारात आदिवासी बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात आणि सोबत काकडं ही आंबट फळं ठेवतात, कारण शेवळ्याची खाज काकडांच्या आंबटपणानं मारायची असते. पुस्तकं धुंडाळून मिळणार नाही एवढं त्यांना ठाऊक असतं. त्यांच्याकडून ऐकलेलं नाव त्यांच्याच उच्चारात लिही आणि कुठल्या गावाकडचं तेही लिही. मात्र एकट्या मराठी नावावर थांबू नकोस. नुसतं ‘कुडा’ लिहिलंस तर पांढरा कुडा की काळा कुडा? दोघांनाही पांढरी फुलं येतात, दोघांच्याही शेंगा जोडीनं लोंबतात. पण काळ्या कुड्याच्या जोडशेंगांची टोकं एकमेकींना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या सुट्या असतात. शेंगेचं साधं रेखाटन वहीत असेल तर घोळ तिथल्या तिथे मिटतो.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून काही तोडून आणू नकोस. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्याला बंदी आहे, आणि फोटो आणि वही तिथे पुरतात. आरेत पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकटी जाऊ नकोस, बिबट्याच्या वेळा असतात त्या. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नकोस, लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापाचा, धोका खरा आहे.

खरं सांगायचं तर तुला आरेपर्यंत जायची रोज गरजही नाही. तुमच्या इमारतीची मागची कंपाउंडची भिंत मी पाहिली आहे. मला ती फार आवडली. जिथे वरून पन्हाळीचं पाणी ओघळतं तिथे काळे पट्टे आहेत. लोक त्याला मळ म्हणतात, पण तो बराचसा नीलहरित जिवाणूंचा थर आहे. खाली सांध्यात नेचे आहेत, एका फटीत पिंपळ रुजला आहे, आणि कठड्यावर जे मखमली हिरवं आहे त्यालाही आपण शेवाळच म्हणतो, पण ते मॉस आहे. भिंगातून बघ, त्याला इवली पानं दिसतील. ही एकच भिंत वर्षभर, दर रविवारी बघ. काय उगवलं ते लिही, काय दिसलं नाही तेही लिही. ‘आज नेचा वाळला’ ही नोंदच आहे.

आणि त्या मॉसमध्ये जे राहतं त्यासाठी मी हे सगळं पत्र लिहितोय. नखाएवढा तुकडा बशीत थोड्या पाण्यात भिजव, दोन-तीन तासांनी पिळ आणि तो थेंब काचपट्टीवर घे. फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक असेल तर तो सुमारे 140 पट मोठं दाखवतो, सुरुवातीला पुरतो. थेंबात जळूसारखं अंग आखडत-ताणत चालणारं काहीतरी दिसेल, डोक्याशी दोन चाकं फिरताहेत असं वाटेल. ते रोटिफर. चाकं फिरत नाहीत, केसांच्या कडी एकामागून एक लवतात. नशीब असेल तर आठ पायांचं, अस्वलासारखं डुलत चालणारं टार्डिग्रेडही भेटेल. मला पहिलं दिसलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि मी घरातल्या सगळ्यांना उठवलं होतं. इथेही माप हवंच. नेहमीचा सूक्ष्मदर्शक असेल तर त्याच्या सर्वांत कमी शक्तीच्या भिंगाखाली पारदर्शक पट्टी ठेवून किती मिलिमीटर दिसतात ते मोज. माझ्याकडे 4 पटीच्या भिंगाखाली साधारण 4.5 मिलिमीटर दिसतात, म्हणजे 40 पटीच्या भिंगाखाली त्याचा दहावा भाग. मग जीव त्या वर्तुळाचा कितवा हिस्सा आहे हे बघून त्याची लांबी काढता येते.

‘मी काही शास्त्रज्ञ नाही’ असं तू लिहिलंस. 1883 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली ती आठ हौशी माणसांनी. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते, दवाखाना सांभाळून हे करणारे. आजही वेळ आणि जागा या दोन्ही गोष्टी तुझ्याइतक्या कुणाकडे आहेत? कारवी हे आठ वर्षांनी एकदम फुलणारं झुडूप राष्ट्रीय उद्यानात 2016 ला फुललं, 2024 ला फुललं, आता 2032 ला फुलेल. मधल्या वर्षांत एखादं झुडूप चुकार फुलतं, ते कुठलं आणि कधी, हे टिपायला दरवर्षी त्याच वाटेनं जाणारं कुणीतरी लागतं.

आता एक काम. आज भिंतीवरचं मॉस रुपयाएवढं काढ, कागदी लिफाफ्यात घाल, प्लास्टिकमध्ये नको, आणि कपाटावर ठेवून दे. ते वाळून कोळ होईल, होऊ दे. रोटिफर आतली हालचाल थांबवून आक्रसून बसतात आणि पाणी मिळालं की पुन्हा चालू लागतात. लिफाफ्यावर तारीख, भिंतीची दिशा आणि जमिनीपासूनची उंची लिही. दिवाळीच्या सुट्टीत घेऊन ये, माझ्याकडे मिळून भिजवू.

तुझा,
काका