तंबाखू खाणारं तोंड आणि ओरल सेक्स

तुमचा प्रश्न असा: चोपड्याला राहतो, लग्नाला दोन वर्षं झाली. ओरल सेक्सने रोग होतात का? मिस्टर तंबाखू खातात, त्यांचं तोंड मधूनमधून येतं. आणि हे विचारायचं कुठे?

दोघांपैकी कुणालाच संसर्ग नसेल तर यातून नवा रोग जन्माला येत नाही. वीर्य पोटात गेल्याने अपाय होत नाही, गर्भही राहत नाही. संसर्ग असेल तर परमा (गोनोरिया), गरमी (सिफिलिस), हर्पिस, एचपीव्ही (चामखीळ आणि कर्करोग करू शकणारा विषाणू) हे सगळे या वाटेने जाऊ शकतात. एचआयव्हीचा धोका फारच कमी. पण तोंडात जखम किंवा हिरड्यांतून रक्त असेल तर तो वाढतो.

म्हणून माझं लक्ष तुमच्या प्रश्नातल्या तंबाखूकडे जातं. बायका अंगाची स्वच्छता विचारतात, तोंडाचं कुणी विचारत नाही. तंबाखूतला चुना गालाच्या आतली नाजूक त्वचा भाजतो, आणि सोललेल्या त्वचेतून जंतूंना वाट मिळते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पुडी कशी मिळते ते तुम्हाला माहीतच आहे. आरशासमोर तोंड उघडायला लावा. गालाला पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा उभी धरलेली तीन बोटं तोंडात न मावणं, यातलं काहीही दिसलं तर आधी दातांचा डॉक्टर. तोंड आलेलं असेल तेवढे दिवस ओरल बंद. घरात मशेरी लावणारी बाई असेल तर तिलाही हेच लागू.

ओठाच्या कडेला पाणीदार पुरळ उठले असतील तर तो बहुधा हर्पिस. तो तोंडातून खाली जातो. खपली पडून कातडी पूर्ववत होईपर्यंत थांबा. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तर हे काटेकोर पाळा, कारण आईला तेव्हा पहिल्यांदा लागण झाली तर बाळंतपणात ती बाळाला होऊ शकते.

ब्रश अर्धा-एक तास आधी करून घ्या. लगेच आधी घासलं की हिरड्या खरचटतात. ऐन वेळी साध्या पाण्याने चूळ पुरे. ठेचा किंवा शेवभाजी खाल्लेलं तोंड आणि मिरची कुटलेले हात मात्र साध्या पाण्याने सुटत नाहीत. हाताला आधी तेल चोळा, मग साबण, तोंडासाठी दूध. चुना मळलेली बोटंही आग लावतात. खाली फक्त पाणी, बाहेरून सौम्य साबण चालेल. योनीच्या आत साबण किंवा डेटॉल घातलं की तिथले चांगले जंतू मरतात आणि खाज सुरू होते. मे महिन्यात घामाने जांघेत गजकर्ण उठतं. ते असेपर्यंत त्या जागेला तोंड लावू नका, आणि मेडिकलवरची स्टेरॉइडची ट्यूब चोळू नका.

पुरुषासाठी निरोध. फ्लेवरवाल्या निरोधात साखर असू शकते, म्हणून संभोगाला दुसरा साधा घ्या. स्त्रीसाठी निरोध उलगडून टोक आणि कडा कापा, मग उभा चिरा. चौकोनी पडदा तयार होतो, तो मधे धरून वरून तोंड लावायचं. खोबरेल लावलं की लॅटेक्स फाटतं, हाताला मिरचीसाठी लावलेलं तेलही धुऊन काढा. गुदद्वाराला लागलेला पडदा किंवा तोंड तसंच योनीकडे आणू नका. योनीत फुंकर कधीच मारायची नाही. गरोदरपणात हवा रक्तात शिरून जीव जाऊ शकतो. आणि तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा, त्याला कारण द्यावं लागत नाही.

घशातला परमा बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही, आणि लघवीच्या तपासणीत तो सापडत नाही. म्हणून डॉक्टरांना ओरलचं स्पष्ट सांगा, तरच घशाचा नमुना घेतील. सरकारी रुग्णालयांत गुप्तरोगासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असतं. जळगाव, धुळे, नंदुरबार, जे सोयीचं वाटेल ते गाठा. सल्ला मोफत, माहिती गुप्त. १०९७ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. गावात ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल तर आधी फोनच करा. हेपॅटायटिस बीची लस दोघांनी घेतलेली नसेल तर ०, १ आणि ६ महिन्यांचे तीन डोस विचारून घ्या. परमा निघाला तर औषध दोघांनी एकाच वेळी घ्यायचं, आणि त्यानंतर सात दिवस ओरलसकट सगळं बंद. एकट्याने घेतलं तर दुसऱ्याकडून तो परत येतो.