तू नसताना चालणारा व्यवसाय

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

शून्यातून व्यवसाय उभा केलास, माणसं जोडलीस, आणि आता लिहितेस की आजारी पडायलाही फुरसत नाही. वाचून काळजी वाटली.

आणखी माणसं घेतली की मोकळी होशील, असं तुला वाटतं. मला नाही वाटत. कामं तुझी माणसं करतातच; ती अडतात निर्णयापाशी. "मॅडमना विचारून सांगतो" हे वाक्य तुझ्या ऑफिसात दिवसभरात किती वेळा कानावर येतं, ते बघ. दरवेळी पलीकडे एक ग्राहक ताटकळत असतो. माणसं वाढवलीस तर विचारणारे वाढतील, एवढंच.

तेव्हा पंधरा दिवस एक वही जवळ ठेव. कोणी काही विचारलं, फोन केला, मेसेज टाकला, की तो प्रश्न लिही, तू दिलेलं उत्तर लिही आणि ते का दिलंस तेही लिही. हे 'का' लिहिताना हात अडखळेल. याला उधारी द्यायची, त्याला नाही, हे तू क्षणात सांगून मोकळी होतेस. पण लिहायला बसलीस की लक्षात येईल, तेवढ्यात तू मनातल्या मनात तीन गोष्टी तपासल्या होत्यास: मागची बिलं वेळेवर आली का, आधीची थकबाकी किती, आणि ही ऑर्डर त्याच्या नेहमीच्या ऑर्डरपेक्षा फार मोठी तर नाही ना. झाला की नियम! तो कागदावर उतरला की उधारीसाठी तुझ्या दाराशी कोणी यायचं कारण उरत नाही. वहीतले बहुतेक प्रश्न असेच निघतील. थोडे खरोखर तुझे असतील, ते तुझ्याकडेच ठेव.

काही प्रश्नांना नियम पुरत नाही, तिथे मर्यादा ठरवून दे. रिट्झ-कार्लटन या हॉटेलसमूहाने पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता २,००० डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा आपल्या कर्मचाऱ्यांना दिली होती. तुझा आकडा कितीतरी लहान असेल, असू दे. तो सगळ्यांना ठाऊक हवा, आणि त्याच्या आत घेतलेल्या निर्णयाबद्दल बोलणी बसणार नाहीत, याची खात्री हवी.

खरी कसोटी इथे आहे. कोणीतरी तुझ्यापेक्षा वेगळा निर्णय घेईल, तो थोडा चुकेलही, आणि तुझे हात शिवशिवतील. नुकसान सोसण्याजोगं असेल तर तो निर्णय फिरवू नकोस, सगळ्यांसमोर तर नाहीच. एकदा फिरवलास की दुसऱ्या दिवसापासून सगळे पुन्हा विचारूनच पाऊल टाकतील, आणि महिन्यांची मेहनत वाया जाईल. नंतर त्याला एकट्याला बसवून तुझं 'का' समजावून सांग.

कामाच्या पद्धतीही लिहून काढाव्या लागतील. अनुभवी माणसाला कागद कशाला, असं कोणी म्हणालं तर १९३५ सालचा प्रसंग सांग. बोइंगचं मॉडेल २९९ हे विमान चाचणीच्या वेळी उड्डाण घेताच कोसळलं. वैमानिक निष्णात होते, पण विमान जमिनीवर उभं असताना लावायचा नियंत्रणांचा लॉक काढायचा राहून गेला होता. त्यातून वैमानिकांची तपासणी-यादी पुढे आली, आणि तेच विमान नंतर बी-१७ म्हणून हजारोंनी बनलं. फक्त तुझी यादी तू लिहू नकोस. जो काम करतो त्याने लिहावी, अगदी नवख्या माणसाने ती वाचून काम करावं, आणि तू शेजारी गप्प बसावंस. तो जिथे थांबेल तिथे यादीत काहीतरी राहिलंय.

मग सुट्टी घे. आधी दोन दिवस, पुढे आठवडा, फोन बंद ठेवून. जाण्याआधी एवढं बघ की बँकेचा ओटीपी फक्त तुझ्याच मोबाइलवर येत नाही आणि पासवर्ड फक्त तुझ्याच डोक्यात नाहीत. बारीक वाटणाऱ्या याच गोष्टींपायी पगार अडकतात. पैसे देणारा आणि बँकेचा हिशोब जुळवणारा माणूस एकच नसावा. हा अविश्वास नव्हे, त्या दोघांचंही त्यात संरक्षण आहे. परत आल्यावर कोण चुकलं हे शोधू नकोस, काय अडलं ते विचार. तीच वहीची पुढची पानं.

आणखी एक गोष्ट, तुझ्या पत्रात तिचा उल्लेखच नव्हता. नफ्याचा आकडा लिहिलास, पण तू स्वतः पगार घेतेस का? तू करतेस ते काम करायला बाहेरचा व्यवस्थापक नेमलास तर बाजारभावाने त्याला किती द्यावे लागतील, तो आकडा नफ्यातून वजा कर. काही उरलं नाही, तर तू नसताना व्यवसाय चालवणारा माणूस ठेवणं आज परवडणारच नाही. मग वही-यादीच्या आधी तुझे दर आणि खर्च बघावे लागतील. हा हिशोब मांडून मला पाठव. पुढचं त्यावर बोलू.

तुझा,
काका