पेड न्यूज कशी ओळखायची?
निवडणुकीत छापलेली ‘बातमी’ विकत घेतलेली आहे का, हे पाहायला प्रतिस्पर्धी पेपर शेजारी ठेवून वाचा. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत पत्रकार पी. साईनाथ यांनी हेच दाखवलं: अशोक चव्हाणांची स्तुती वेगवेगळ्या मराठी दैनिकांत शब्दन्‌शब्द सारखी, आणि निवडणूक आयोगाला दाखवलेला वृत्तपत्र जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये! (चव्हाणांनी खर्चाचा हिशेब नीट दिला नाही, असा आयोगाचा आदेश २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं रद्द केला.) व्यवहार रोखीत झाला तर पावती नसते, म्हणून सिद्ध करणं फार अवघड. एकाच पानावर दोन विरोधी उमेदवारांचा विजय ‘निश्चित’ असेल तर संशय घ्याच. कात्रणावर तारीख आणि आवृत्ती लिहून जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे (निवडणुकीत पेड न्यूजवर नजर ठेवणारी समिती) तक्रार द्या. मतदानाआधीच द्या.