फाइल पहिल्या पानापासून वाच

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. लॉचं तिसरं वर्ष संपत आलं, वर्गातल्या निम्म्या मुलांना मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये इंटर्नशिप मिळाली आणि आपण मागे पडलो, असा एकंदर सूर. मागेबिगे काही पडलेला नाहीस. फर्ममध्येही जरूर जा, करार बारकाईने वाचायची सवय लागते. पण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे पाच वर्षांच्या कोर्सला किमान २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. त्यातले चार-सहा आठवडे तालुका कोर्टात काढ, एवढंच माझं म्हणणं.

मूटमध्ये, म्हणजे कॉलेजच्या सरावाच्या खटल्यात, हकिगत छापून हातात मिळते. अमक्याने तमक्याला जमीन विकली, हे तिथे ठरलेलंच असतं. आमच्याकडे खऱ्या कोर्टात ती विकली की गहाण ठेवली, इथूनच भांडण. मूट कर, चारचौघांत उभं राहून बोलायची भीड चेपते. मात्र ट्रॉफी मिळाली म्हणजे वकिली आली, असं समजू नकोस.

तुमच्या कॉलेजच्या विधी सहाय्य शिबिरांना तू जातोस, ते फार बरं करतोस. तिथे हमखास येणारी एक तक्रार घे. पन्नाशीची बाई समोर बसते आणि म्हणते, ‘भावांनी सातबाऱ्यावरनं माझं नाव उडवलं.’ तुमच्यातला हुशार मुलगा लगेच सुरू होतो: हिंदू उत्तराधिकार कायदा, कलम ६, २००५ ची दुरुस्ती, विनीता शर्मा खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा निकाल, मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क. सगळं बरोबर, आणि तिच्या हातात काहीच पडलं नाही.

आधी तिला बोलू दे. ती आईच्या आजारपणापासून सुरुवात करेल, मधेच भावजयीवर घसरेल, तू पेन खाली ठेवून ऐक. त्याच ओघात ती बोलून जाते, ‘बाबांच्या तेराव्याला कसल्याशा कागदावर सही घेतली होती.’ आता पेन उचल. कागद कसला होता? हक्कसोडपत्र होतं का? दुय्यम निबंधकांच्या कचेरीत नेलं होतं का? शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदवावा लागतो. तिला फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावर नाव बदलल्याच्या नोंदीचा, उतारा आणायला सांग आणि नोंद कशाच्या आधारे झाली ते बघ, नोंदणीकृत दस्ताच्या की तलाठ्याला दिलेल्या नुसत्या वर्दीच्या. नुसत्या फेरफाराने मालकी येत नाही नि जात नाही, पण गावात अर्ध्या लोकांना ती जाते असंच वाटतं. जमीन वडिलोपार्जित की वडिलांनी स्वतः घेतलेली, हेही विचार. आणि साल तर विचारच. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी किंवा विक्री त्या दुरुस्तीने मोडत नाही. एका तारखेवर अख्खा दावा उभा राहतो किंवा आडवा होतो.

‘मावशी, केस तुमचीच आहे’ असं तोंडातून जाऊ देऊ नकोस. ते सांगणं तुझं काम नाही, सनद हातात नसताना तर नाहीच. त्याऐवजी हे सांग की विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली बाईमाणसाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीचा अर्ज तिथेच बसून भरून दे.

आता कोर्टातलं. पहिल्या दिवशी सिनिअरकडे निकाली निघालेली एक दिवाणी फाइल माग. दावा वाच, कैफियत म्हणजे प्रतिवादीचं उत्तर वाच आणि थांब. कोर्टाला नेमकं काय ठरवायचंय ते वादाचे मुद्दे वहीत स्वतः काढ, मग कोर्टाने काढलेले बघ. तुझे नऊ आणि कोर्टाचे चार निघाले तर का, ते शोध. पुढे निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज, त्यावरचा हुकूम, सरतपासाचं म्हणजे साक्षीदाराच्या स्वतःच्या साक्षीचं शपथपत्र, मग समोरच्या वकिलाचा उलटतपास. उलटतपासात वकिलाने जो प्रश्न विचारलाच नाही, तो तुला सापडला की समज, वाचन जमायला लागलं.

रोजनामा, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, मात्र कुणी वाचत नाही, अगदी ज्युनिअरही नाहीत. ‘वादी हजर. प्रतिवादीतर्फे मुदतीचा अर्ज. खर्चासह मंजूर.’ अशा दहा-बारा तारखा ओळीने वाचल्या की तारखा कोण घेतंय आणि मनाई हुकूम हातात पडल्यावर कुणाची घाई संपली, ते आपोआप दिसतं.

अभ्यासक्रमात एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहून त्याची नोंद करायची असते. ती डायरी दरवर्षी मागच्या बॅचकडून उतरवली जाते, हे तुमच्या सरांनाही माहीत आहे. तू उतरवू नकोस. ई-कोर्ट्सच्या वेबसाइटवर सीएनआर, म्हणजे खटल्याचा ओळख नंबर टाकून पुढची तारीख आणि टप्पा बघ, पुराव्यावर असलेला खटला निवड, त्याच दिवशी जाऊन बस. फौजदारीत जुनी पुस्तकं फेकू नकोस. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागते, नंतरच्यांना न्याय संहिता, त्यामुळे फसवणुकीचं जुनं ४२० आणि नवं ३१८ दोन्ही पाठ हवेत.

साक्ष मराठीत होते. तुझं इंग्रजी उत्तम आहे, पण ‘वहिवाट’, ‘बांध’, ‘सामायिक’ हे शब्द अडायला नकोत. कोर्टाच्या कचेरीतला शिरस्तेदार आणि सिनिअरचा कारकून यांच्याशी अदबीने वाग. नकलेचा अर्ज कुठे द्यायचा, कोर्ट फी स्टॅम्प किती लावायचा, हे तेच शिकवतात. पैशाची अपेक्षा ठेवू नकोस, इथे ज्युनिअरलाच जेमतेम मिळतात.

आणि एक, सगळ्यांची गफलत होते ती. तुम्हाला सुट्टी मे महिन्यात, आणि दिवाणी कोर्टांनाही तेव्हाच. मे मध्ये आलास तर मॅजिस्ट्रेट कोर्टातलं रिमांड आणि जामिनाचं काम बघायला मिळेल, दिवाणी पुरावा नाही. जमलं तर डिसेंबरात ये. काळी पँट, पांढरा शर्ट चालेल, वकिलाचा गळ्यातला पांढरा बँड लावायचा नाही. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, अकराला सुरू होतो, तू साडेदहाला बाररूममध्ये हवास. सिनिअरशी मी बोलून ठेवते.

तुझी मावशी