गेनला हात लावू नको, आधी स्टेप बघ

भाऊ, तुझी पोस्ट वाचली. ठिबकच्या पंपाच्या कंट्रोलरचं मॉडेल सिम्युलिंकमध्ये, पाइपलाइनचं ओपनमॉडेलिकात, म्हणजे दोन वेगळ्या सिम्युलेशन सॉफ्टवेअरांत. दोन्ही एकेकटे नीट चालतात आणि एफएमयू (एका टूलचं मॉडेल दुसऱ्यात चालवायची फाइल) करून जोडले की प्रेशरचा आलेख करवतीच्या दातांसारखा. डिट्टो हेच मी वाळूजला असताना भोगलंय. पीआयडीच्या, म्हणजे पंप कमीजास्त करणाऱ्या कंट्रोलरच्या, गेनला (फरक दिसला की तो किती जोरात सुधारायचा तो आकडा) हात लावू नको. मी लावला, तीन आठवडे गेले.

एफएमयू काढणं, आत घेणं तुला जमलंय, ते सोडतो.

अशा जोडणीत, म्हणजे कोसिम्युलेशनमध्ये, दोन्ही मॉडेलं आपापल्या सॉल्व्हरवर (समीकरणं सोडवणारा भाग) चालतात आणि ठरल्या वेळेलाच एकमेकांशी बोलतात. मधल्या काळात समोरच्याचा शेवटचा आकडा धरून बसतात. ही कम्युनिकेशन स्टेप मी 0.1 सेकंद ठेवली होती. कामून, तर रन लवकर संपावा. पाइपातलं प्रेशर त्याच्या कितीतरी आधी बदलून जायचं. कंट्रोलर शिळ्या आकड्यावर पंप वाढवायचा, पुढच्या भेटीत कळायचं की जास्त झालं, मग एकदम कमी. बोअरच्या स्टार्टरवर एक माणूस, वावरात दुसरा, आणि दहा मिनिटाला एकच फोन, असं समज. त्यात आमच्या आवृत्तीत ओपनमॉडेलिकाचा एफएमयू मुळात साध्या ऑयलर पद्धतीनेच निघायचा, सीव्होड हा त्याहून दमदार सॉल्व्हर मागून घ्यावा लागायचा. असली झटक्यात बदलणारी समीकरणं मोठ्या स्टेपवर ऑयलरला झेपत नाहीत.

जिथून सिम्युलिंकचं लायसन्स घेतलं त्यांच्या सपोर्टला विचारलं. पहिलं उत्तर, पुन्हा इन्स्टॉल करा. दुसरं, फाइल दुसऱ्या टूलची आहे, आमचा विषय नाही. मग न विचारता तिकीट बंद. अहो, एकाची फाइल दुसऱ्यात चालावी म्हणूनच तर 2010 पासून एफएमआय हे स्टँडर्ड आहे ना? जाऊ द्या.

तू स्टेप निम्मी कर, मग आणखी निम्मी. दात लहान होत गेले तर दोष जोडणीचा. जसेच्या तसे राहिले तर मग खुशाल गेनकडे बघ. मला 0.005 वर सरळ रेघ मिळाली, तुझा आकडा वेगळा निघेल. वेळ लई लागतो. रात्री लावून झोप, पण इन्व्हर्टरची बॅटरी बघून. माझा एक रन पहाटे लाइट जाऊन मेलाय.

खरं तर एवढ्याशा मॉडेलला कोसिम्युलेशन कशाला, हे माझं मत. मॉडेल एक्स्चेंज या दुसऱ्या प्रकारचा एफएमयू काढ. त्यात सॉल्व्हर नसतो, सिम्युलिंकचा एकच सॉल्व्हर दोन्हीकडचं बघतो, मग शिळ्या आकड्याची भानगड नाही. अर्थात मी हायड्रॉलिक्सवाला नाही आणि तुझे व्हॉल्व्ह कसे मांडलेत ते मी पाहिलेलं नाही.

आणि युनिट! मॉडेलिकाच्या लायब्ररीत प्रेशर पास्कलमध्ये, फिरण्याचा वेग रेडियन प्रति सेकंदात. तुझे 2 बार तिकडे 2,00,000 होतात, 1500 आरपीएमचे 157. आपोआप बदलेल या भरवशावर राहू नको. एफएमयू ही साधी झिपच असते. नाव बदलून उघड, आतली मॉडेल डिस्क्रिप्शनची एक्सएमएल नोटपॅडमध्ये वाच. कुठल्या व्हेरिएबलचं युनिट काय ते तिथं सापडतं, करणाऱ्यानं लिहिलं असेल तर.